चौथा हादरा

"ह्येला सांग," इर्शाद काचेआडून म्हणाला, "माझी ओळ यायच्या आत गिटार आवर म्हणावं. गाणं चार मिनटांचं हाय, चातुर्मासाचं न्हाई."

सदानंद माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. इर्शादचा आवाज जसा माझ्या हेडफोनात येत होता तसाच त्याच्याही हेडफोनात येत होता. तरी त्याने माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे वाट पाहिली.

"सदा," मी ड्रमच्या मागून म्हणालो, "इर्शाद म्हणतोय, त्याची ओळ यायच्या आत गिटार आवर."

"चातुर्मासाचंही काहीतरी म्हणाला ना?"

"म्हणाला."

"मग तेही सांग. अर्धवट निरोप देऊ नको."

मी चातुर्मासाचंही सांगितलं. सदानंदने गिटारची एक खुंटी पिळली आणि म्हणाला, "त्याला सांग, गिटार आवरायची की नाही ते गिटारवाला ठरवतो. त्याने आधी आपला श्वास आवरावा. दोन ओळींत तीनदा धाप लागते. ऐकणाऱ्याला वाटेल, गायक जिना चढतोय."

मी काचेकडे तोंड केलं. "इर्शाद, सदा म्हणतोय..."

"ऐकलं म्या."

"मग मी कशाला..."

"तू सांग. सांगायचं तुझं काम हाय."

आमचा बँड कराडचा. नाव 'भूकंप'. कॉलेजात असताना ते मीच सुचवलं. पुढे मी हायस्कुलात भूगोलाचा मास्तर झालो, त्यामुळे लोकांना वाटतं नाव तिथून आलं. पण कराडच्या पोरांना याहून जवळचं नाव सुचणंच शक्य नव्हतं. कोयनेच्या अंगाने जमीन अधूनमधून खाकरायची, फळीवरचे डबे वाजायचे आणि आया निम्म्या भाकरी टाकून अंगणात यायच्या. माझे वडील मात्र नाव ऐकून बिथरले होते. "ज्यानं आपली मागची भिंत पाडली त्याचं नाव कुणी पोराला ठेवतं का?" आम्ही ठेवलं. पहिल्या कॅसेटचं नाव 'पहिला हादरा', मग दुसरा, मग तिसरा. कल्पनाशक्ती आम्ही सगळी गाण्यांत वापरायचो.

गायला इर्शाद मुजावर. एसटी स्टँडसमोर त्याचं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान. गिटारला सदानंद देसाई, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. बेसला भरत लोहार, ज्याला बँडमध्ये कुणी कधी काही विचारत नसे, आणि त्याचीही त्याबद्दल तक्रार नसे. ड्रमवर मी, विलास डुबल. आणि ड्रमशिवाय माझ्याकडे दुसरं खातं होतं ते निरोपांचं. कारण इर्शाद आणि सदानंद दहाएक वर्षं एकमेकांशी एक शब्द बोललेले नव्हते.

बोलत नव्हते, पण बँडही सोडत नव्हते. वाटण्या झालेल्या भावांची विहीर सामाईक असते ना, तसं. तोंड बघायचं नाही, पण पाणी त्याच विहिरीचं. रोजचे निरोप पोचवायचे ते मी. गणपतीत वाजवायला जाताना गाडीत एक पुढे बसे, एक मागे, आणि मधल्या सीटवर मी पोस्टाच्या पेटीसारखा.

तर अशा अवस्थेत, पन्नाशी उलटल्यावर, आम्ही 'चौथा हादरा' रेकॉर्ड करायला कोल्हापूरला आलो होतो. राजारामपुरीत एका शिकवणीवर्गाच्या वरच्या मजल्यावर हुपरीकरांचा स्टुडिओ होता. हुपरीकर एरवी आरत्या आणि प्रचारगीतं रेकॉर्ड करत. निवडणुका तोंडावर होत्या, त्यामुळे आमच्या दोन गाण्यांच्या मध्ये ते कुठल्या तरी उमेदवारासाठी 'विकासाची पहाट' गाऊन घेत. आमची सात गाणी ऐकून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "मास्तर, तुमच्या संगीतात देव कुठंच येत नाही का?"

आठवं गाणं 'तडा'. सदानंदचा हट्ट होता की हे तुकड्यातुकड्यांनी नको, चौघांनी एकदम वाजवायचं, एका दमात. इर्शाद काचेच्या खोलीत माईकपुढे. भरतचा बेस थेट मशीनला जोडलेला, म्हणून त्याला कुठेही बसता येत होतं. तो इर्शादच्या खोलीत बसला, कारण एसी तिथंच होता. बाहेर सदानंद आणि प्लायवूडच्या आडोशाला मी.

चातुर्मासाच्या निरोपानंतर आम्ही 'तडा' पुन्हा वाजवलं. आणि काय वाजवलं! आजही सांगतो, तसं ते पुन्हा कधी जमलं नाही. सदानंदची गिटार वर चढत गेली, चढत गेली, मला वाटलं आता हा माणूस साखर कारखान्यात परत जाणार नाही. आणि नेमक्या टोकाला, तो शेवटचा सूर सोडायच्या आत, इर्शादने ओळ सुरू केली. गाणं तसंच रेटून संपलं. शेवटची झांज विरेपर्यंत कुणी हललं नाही.

मग सदानंदने हेडफोन न काढता बोलायला सुरुवात केली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"विलास, त्याला विचार. दुसऱ्याचं संपायच्या आत तोंड उघडायची त्याला फार घाई. मग जेव्हा तोंड उघडायला पाहिजे होतं, तेव्हा का नाही उघडलं? तो फोन आला तेव्हा?"

मी झांजेचा स्क्रू आवळायला लागलो.

"विचार त्याला."

"सदा, जाऊ दे ना..."

"विचार!"

मी काचेकडे वळलो. "इर्शाद, सदा विचारतोय..."

इर्शादने मान खाली घातली. "ह्येला सांग..." तो म्हणाला, आणि मग, "न्हाई. काय सांगू नगंस." सदानंदने गिटार गळ्यातून काढली, खुर्चीला टेकवली आणि जिना उतरून गेला.

त्या फोनची गोष्ट आख्ख्या कराडला माहीत होती. सदानंदच्या क्वार्टरमध्ये तेव्हा फोन नव्हता. त्याचे निरोप इर्शादच्या दुकानात यायचे. मुंबईच्या एका संगीत दिग्दर्शकाने आम्हाला सांगलीच्या एका स्पर्धेत ऐकलं होतं. त्याने दुकानात फोन केला: तुमचा गिटारवाला हवाय, येत्या गुरुवारी पाठवा, कायमचं काम आहे. इर्शादने 'बरं' म्हटलं आणि कुणालाच सांगितलं नाही. दोनेक वर्षांनी पुण्यात सदानंदची आणि त्या दिग्दर्शकाच्या माणसाची गाठ पडली. तो माणूस म्हणाला, "आम्ही वाट पाहिली हो तुमची." सदानंद परत आला तो मुका होऊनच, निदान इर्शादपुरता. ज्याने एक निरोप दिला नाही, त्याच्याशी आता फक्त निरोपानेच बोलायचं, अशी त्याने ती शिक्षा लावली होती. इर्शादनेही ती मुकाट्याने सोसली. लोक म्हणायचे, जळला. दोस्ताचं भलं बघवलं नाही. इर्शादने कधी हो म्हटलं नाही, कधी नाही म्हटलं नाही.

त्या दिवशी सदानंद खाली गेल्यावर मीही वैतागून हेडफोन काढून ठेवला. काचेआड इर्शाद भरतशी काहीतरी बोलत होता. ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं. मी हेडफोन पुन्हा कानाला लावला तेव्हा नेमकं एवढंच ऐकू आलं:

"...विल्यासंगं? त्याला ताल तरी कळतोय का?"

तीस वर्षं ड्रम वाजवून हे ऐकायचं! मी काठ्या पिशवीत टाकल्या आणि सदानंदच्या मागोमाग जिना उतरलो. परतीच्या वाटेवर गाडीत निरोपसुद्धा बंद.

'चौथा हादरा' बाहेर आला तो हुपरीकरांमुळे. आम्ही रुसलेले असताना त्यांनी एकट्याने सगळं जुळवलं, सीडी काढल्या आणि कळवलं की माल तयार आहे. नगरपालिकेच्या हॉलमध्ये प्रकाशन झालं. अध्यक्षांनी भाषणात कोयना धरणाची उंची सांगितली. इर्शाद स्टेजच्या एका टोकाला, सदानंद दुसऱ्या टोकाला, दोघांच्या मध्ये नारळ आणि मी. दुसऱ्या दिवशी गावच्या पेपरात बातमी आली. मथळा होता: 'कराडमध्ये चौथा हादरा, जीवितहानी नाही.' खाली चार ओळी, त्यातल्या दोन अल्पोपाहाराबद्दल.

त्यानंतर शुकशुकाट. कुणी वाईटसुद्धा म्हणेना. इर्शादच्या दुकानात सीडींचा गठ्ठा काउंटरवर तसाच राहिला, रिक्षावाले सीटकव्हर न्यायचे आणि सीडीकडे बघून विचारायचे, "ही फुकट हाय का?" मनातून आम्ही तिघंही खचलो. भरतचं काही कळत नसे.

एका रविवारी मी बाहेरच्या खोलीत सहामाहीचे पेपर तपासत होतो. स्वयंपाकघरात कुमुद, माझी बायको, मेथी निवडत होती. तिने नवऱ्याबद्दलच्या कर्तव्यबुद्धीने सीडी लावली होती. थोड्या वेळाने तिची हाक आली.

"अहो, तुमचं गाणं संपलं. आता भांडण लागलंय. चालू ठेवू की बंद करू?"

मी धावत आत गेलो. हुपरीकरांनी 'तडा'च्या शेवटी मशीन बंदच केलं नव्हतं, आणि प्रचाराच्या धांदलीत मागचा भाग कापायचाही राहून गेला होता. सीडीवर सगळं होतं. 'विचार त्याला.' 'सदा, जाऊ दे ना.' 'ह्येला सांग...' सदानंदच्या चपलांचा जिन्यावरचा आवाज. मग एक मोठा कुरकुर आवाज, तो भरतच्या चिवड्याचा. आणि मग भरतचा तोंडात घास असलेला प्रश्न:

"का रं नाही सांगितलास फोनचं?"

मग इर्शाद, माईक चालू आहे हे न कळलेला, अगदी खालच्या आवाजात:

"सांगितलं असतं तर गेलं असतं ते. आन् एकदा गेल्यावर परत कशाला येतंय? मग म्या कुणासंगं गायचं? विल्यासंगं? त्याला ताल तरी कळतोय का?"

कुमुदच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

"हे सदाभाऊजींना माहीत आहे?"

"मलाच आत्ता कळतंय."

"मग सांगा की जाऊन. इतकी वर्षं नको नको ते निरोप वाहिलेत, हा एक पोचवा."

मी आधी भरतकडे गेलो. तो वेल्डिंग करत होता. "भरत, तुला हे त्या दिवसापासून माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने डोळ्यांवरची काच वर केली. "मला कुणी इचारलं?"

मग कारखान्यावर गेलो. सदानंद एका नळीत रस धरून उजेडाकडे बघत होता. मी म्हटलं, "सदा, इर्शादचं एक..."

"नको. आता त्याच्याकडचं काही आणू नको. मी थकलो."

"मग सीडी तरी ऐक. 'तडा' शेवटपर्यंत ऐक."

"ऐकलंय. माझा सोलो संपला की मी बंद करतो. त्याच्या पुढे ऐकण्यासारखं काही नाही."

इर्शादकडे जाण्यात अर्थच नव्हता. स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं तर आवाज बसतो, अशी त्याची ठाम समजूत होती.

इकडे मी असा तोंडात गुळणी धरून हिंडत असताना, तिकडे कुणीतरी ते भांडण यूट्यूबवर टाकलं. गाणं कापून टाकलेलं, फक्त भांडण. आणि मग जे आमच्या चार हादऱ्यांनी तीस वर्षांत केलं नव्हतं ते त्या चार मिनिटांनी पंधरवड्यात केलं. सलूनमध्ये, चहाच्या गाड्यावर, जो तो दुसऱ्याला सांगत होता, "ह्येला सांग!" वर्गात मी गृहपाठ मागितला, तर मागच्या बाकावरून एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "ह्येला सांग, वही घरी राहिली." सगळा वर्ग हसला. मी त्याला बाकावर उभं केलं, पण मलाही तोंड फिरवावं लागलं.

इर्शादला वाटलं, लोक त्याच्या गाण्याची ओळ म्हणतायत. काउंटरवरचा गठ्ठा संपला तेव्हा त्याने मला फोन केला. "विल्या, खपला रं हादरा! ह्येला सांग, गिटारपण बरी वाजलीय म्हणावं." हा निरोप मी आनंदाने पोचवला. सदानंद 'हं' म्हणाला. पण त्याच्याही कारखान्यातली पोरं त्याला बघून उगाच हसायला लागली होती, आणि त्याचा समज असा झाला की सोलो लोकांपर्यंत पोचला.

आणि सांगलीच्या एका कॉलेजचं बोलावणं आलं. स्नेहसंमेलन, दुपारी चारचा कार्यक्रम. आम्ही पोचलो तर मैदान खच्चून भरलेलं. पोरं झाडांवर. आमच्या उमेदीच्या काळात आम्ही एवढी माणसं पाहिली नव्हती. इर्शादने काळा शर्ट घातला होता, पोटावरचं एक बटण ताणलेलं. आम्ही पाच गाणी वाजवली. टाळ्या पडल्या, पण पोरं कशाची तरी वाट बघत असल्यासारखी. मग कुठूनतरी एक आवाज आला, "ह्येला सांग!" मग दहा, मग सगळं मैदान.

इर्शाद भारावून माझ्याकडे वळला. "हे आपलं कंचं गाणं?"

मी काही बोलायच्या आत निवेदन करणारी मुलगी माईक घेऊन पुढे आली. "ज्याची तुम्ही सगळे वाट बघताय," ती म्हणाली, आणि भल्या मोठ्या भोंग्यांतून हुपरीकरांच्या स्टुडिओतली ती दुपार मैदानावर सांडली.

पोरांना सगळं पाठ होतं. चातुर्मास वगैरे त्यात नव्हतं, पण "विचार त्याला" म्हणताना ती सदानंदसारखीच हळू म्हणत होती. चिवडा कुरकुरला तिथे शिट्ट्या झाल्या. भरतने लाजून हात वर केला. सदानंदने तारांवर पंजा ठेवून भोंग्याकडे तोंड केलं. इर्शाद 'बंद करा' म्हणून हातवारे करत त्या मुलीकडे निघाला, पण पायात वायर अडकली आणि तो तिथंच थांबला. आणि मग भोंग्यातला इर्शाद आणि मैदानातली हजारभर पोरं एकाच आवाजात बोलली:

"सांगितलं असतं तर गेलं असतं ते. आन् एकदा गेल्यावर परत कशाला येतंय? मग म्या कुणासंगं गायचं?"

पुढची ओळ, माझ्या तालाची, पोरांनी जास्त जोरात म्हटली. पण ते असो.

भोंगे थांबले. सदानंद हळूहळू त्याच्यासमोरच्या माईकजवळ आला. "इर्शाद," तो म्हणाला.

इतक्या वर्षांनी त्याने नाव घेतलं होतं. इर्शादने सवयीने माझ्याकडे पाहिलं. "ह्यो काय म्हणतोय?"

"मला विचारू नको," मी म्हणालो. "तुझ्याशी बोलतोय. ऐक."

"मला विचारायचं होतंस," सदानंद म्हणाला.

"इचारलं असतं तर गेला असतास."

"नसतो गेलो."

"खोटं बोलू नगंस. माईक चालू हाय."

सदानंदने जरा विचार केला. केमिस्ट माणूस, चुकीचं उत्तर त्याला सोसत नाही.

"बरं. गेलो असतो."

"बघ! बघा!" इर्शादने मैदानाला सांगितलं.

"पण परत आलो असतो."

"कवा?"

"दिवाळीला आलो असतो, मे महिन्यात आलो असतो..."

"दिवाळीला येऊन काय उपेग? दिवाळीत माझ्या दुकानाला गिऱ्हाईक असतंय!"

हशाचा असा लोट आला की झाडावरचं एक पोर खाली घसरलं. त्या गोंधळात इर्शादने हाताने माईक झाकला आणि सदानंदजवळ जाऊन म्हणाला, "चुकलं माझं. त्या गुरुवारी दिवसभर म्या दुकान उघडलं न्हवतं. घरात बसून रडलो. पण सांगितलं न्हाई ते न्हाईच." हे मैदानावर कुणाला ऐकू गेलं नाही. यूट्यूबवरही ते नाही. मी ड्रमवर होतो म्हणून मला ऐकू आलं.

सदानंदने चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाला, "'तडा' घे."

आम्ही 'तडा' वाजवलं. खरं सांगायचं तर वाईट वाजवलं. सदानंदचा सोलो दोनदा घसरला, इर्शाद दुसरं कडवं विसरला, आणि माझा ताल त्या दिवशी खरोखरच सुटला, म्हणजे इर्शादच्या म्हणण्याला पुरावाही मिळाला. पोरांना त्याचं काही नव्हतं. ती नाचत होती.

परतताना ऊन कलतं झालं होतं. गाडीत सदानंद पुढच्या सीटवर बसला आणि इर्शाद त्याच्या मागे, दोन्ही सीटच्या मधून मान पुढे काढून. मी माझ्या ड्रमसह मागे, भरतशेजारी. सांगली सोडली तेव्हा ते सुरू झाले. दहा वर्षांचं तुंबलेलं पाणी होतं ते. कुठल्या गणपतीत कुणाचा सूर चुकला, सदाच्या मुलीच्या लग्नात इर्शाद मांडवाबाहेर का उभा राहिला, इर्शादच्या बायपासच्या वेळी हॉस्पिटलात सफरचंदं कुणी ठेवली होती. पेठ नाक्याजवळ मी म्हटलं, "अरे, त्या सफरचंदांचं मी तेव्हाच सांगणार होतो..."

इर्शादने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "विल्या, दोघं बोलतोय न्हवं? मधी मधी तोंड घालू नगंस."

भरतने माझ्यापुढे भडंगाची पुडी धरली.

घरी पोचलो तेव्हा कुमुद दारातच उभी होती.

"काय झालं? बोलले का?"

"बोलले."

"काय बोलले?"

"कळलं नाही," मी म्हणालो. "सांगलीपासून दोघंही एकदमच बोलत होते."